‘लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?’

रानजाई

मागच्या महिन्यात आई अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. फार मोठं पडणं नव्हतं, हात टेकला तेवढ्यानं हाड गेलं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, हाडं सत्तरीतल्या बाईसारखी झालीत. आई ४६ वर्षांची आहे. त्यांनी विचारलं, पाळी कधी गेली? आई म्हणाली, पिशवी काढली तेव्हाच. मग विचारलं, बीजकोश ठेवले होते का? आई माझ्याकडे बघायला लागली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

घरी येऊन तिची फाईल शोधली. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवलेली सापडली. आत दोनच कागद, एक सोनोग्राफीचा आणि एक डिस्चार्ज कार्ड. सोनोग्राफीवर एवढंच, ‘गर्भाशय किंचित मोठं, बाकी सर्व नॉर्मल’. डिस्चार्ज कार्डावर गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश, म्हणजे अंडाशय, काढल्याची नोंद. तेव्हा आई २९ वर्षांची होती. बीजकोश गेलेत हे तिला १७ वर्षांनी, माझ्याकडून कळलं.

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काढलेल्या गाठी, पिशव्या फॉर्मलिनच्या डब्यातून रोज माझ्या हाताखालून जातात. प्रत्येकीचा रिपोर्ट होतो. आईच्या फाईलमध्ये असा रिपोर्ट नाही. तिच्यातून काढलेलं बहुतेक कुणी तपासलंच नाही.

आम्ही बीड जिल्ह्यातले. आई-बाबा वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे, मी आजीकडे राहून शिकले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात हे इथे अनेकांना माहीत असेल. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिवाळीआधीच घेतलेली असते. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडात संडास नाही, कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी मोजकं, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. पाळीचं कापड धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. आईच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. गावाजवळच्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. मुकादमानं ऑपरेशनसाठी उचल दिली. आजी म्हणाली, लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम? आमच्या आळीतल्या चुलत्या, मावश्या सगळ्यांनी तेच केलेलं होतं. कुणी अडवायला नव्हतंच.

२०१९ मध्ये हा विषय गाजला, तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींमागे एक. देशात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. आकडा वाचला तेव्हा मला त्यात आमची आळी दिसली होती. आईची फाईल मात्र आत्ता बघितली.

दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी गावात बायकांची एक बैठक घ्यायची आहे. पाळी, पांढरं पाणी, पिशवी, बाळंतपण याबद्दल तुमच्या घरात जे सांगितलं गेलं आणि पुढे खोटं निघालं, ते लिहाल का? साध्या भाषेत लिहा. मी वाचून दाखवणार आहे.

सिस्टर_मावशी

बाळा, मी ३१ वर्षं उपकेंद्रात नर्स होते. बैठकीला पहिली गोष्ट पांढऱ्या पाण्याची सांग, कारण बायका त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. धुपणी लागली की हाडं विरघळून अंगावरून जातायत असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. हाड विरघळून कुणाच्या अंगावरून जात नाही. कंबर दुखते ती वाकून काम करून, आणि अंगात रक्त कमी असतं म्हणून थकवा येतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ५४.२ टक्के आलं.

थोडं पांढरं जाणं हा अंगाचा धर्म आहे. दोन पाळ्यांच्या मध्यावर ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं होतं. पाळीच्या आधी जरा घट्ट होतं. गरोदरपणात वाढतं. त्याला वास नसतो, खाज नसते. दह्याच्या कवड्यांसारखं आणि खूप खाज असेल तर बुरशी. करडं, मासळीसारखा वास येणारं असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर संसर्ग. तिन्हींवर गोळ्या आहेत. सरकारी दवाखान्यात यासाठी हिरव्या रंगाचं पाकीट मिळायचं, त्यात दोन प्रकारच्या गोळ्या असायच्या. एका पाकिटात बऱ्या झालेल्या कितीतरी बाया मी बघितल्यात. त्याच तक्रारीसाठी पिशवी काढून आलेल्याही बघितल्यात, आणि त्यांचं पांढरं नंतरही जातच होतं. संसर्ग योनीमार्गात असेल तर वरची पिशवी काढून तो जाणार कसा?

वाडीकर

सिस्टर, पुरुषानं इथं विचारावं का माहीत नाही, पण विचारतो. माझ्या बायकोला दोनदा औषध दिलं, महिनाभर बरं वाटायचं आणि परत तेच. मला कुणी औषध घ्यायला सांगितलं नव्हतं.

सिस्टर_मावशी

दादा, विचारलंत ते फार बरं केलंत. हिरवट फेसाळ प्रकार नवरा-बायकोत एकमेकांकडून येतो. पुरुषाला सहसा काही त्रास जाणवत नाही, पण जंतू असतात. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. बुरशी आणि मासळीच्या वासाचा प्रकार असेल तर नवऱ्याला सहसा औषध लागत नाही. म्हणून तपासून घ्या, आणि दोघं मिळून जा.

अनघा_के

धागा वाचून काल रात्रभर झोप नाही. माझीही पिशवी ४३ व्या वर्षी काढली. गाठी होत्या, दर महिन्याला दहा-बारा दिवस रक्त, हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं, दोन वेळा रक्त चढवलं. वर्षभर गोळ्या घेतल्या, उपयोग झाला नाही. आता इथे सगळे काढू नका म्हणतायत. मी चूक केली का?

विशाखा_स्त्रीरोग

अनघाताई, अजिबात नाही. तुमचं ऑपरेशन योग्य कारणासाठी, औषधं करून झाल्यावर झालं. गर्भाशयाचा कॅन्सर, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या त्रासदायक गाठी, अंग पूर्ण बाहेर येणं, अशा वेळी गर्भाशय काढणं हा उपचार आहे आणि तो घ्यायला कुणी घाबरू नये. ज्यांच्याबद्दल रानजाई लिहितेय त्यांना आजाराचं नावच सांगितलं गेलं नाही.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते. ‘तोंडाला जखम’ हे शब्द माझ्याकडे रोज येतात. गर्भाशयाच्या मुखाची बाहेरची कातडी फिकट गुलाबी असते आणि आतलं अस्तर लालबुंद, नाजूक. ओठ बोटानं उलटा करून आरशात बघा, बाहेरचा आणि आतला रंग वेगळा दिसेल, तसंच. तरुण वयात, गरोदरपणात, पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असताना हे आतलं अस्तर थोडं बाहेर डोकावतं. लाल दिसतं म्हणून त्याला जखम म्हणायची पद्धत पडली. ती जखम नाही, आणि तिचा कॅन्सर होत नाही. एकदा साधी तपासणी करून खात्री करायची, बस.

‘किंचित मोठं गर्भाशय’ हेही तसंच. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय सोनोग्राफीत थोडं मोठं दिसणारच. रिपोर्टवर ‘बल्की युटेरस’ लिहिलेलं असतं आणि घरचे हादरतात. त्या दोन शब्दांवर ऑपरेशन ठरत नाही. बारीक गाठींचंही तेच. बहुतेक गाठींचा काही त्रास नसतो आणि पाळी गेल्यावर त्या आपोआप लहान होतात.

रक्त जास्त जात असेल तर त्यावर पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबी आहे, ती बसवली की काही वर्षं काम करते. चाळिशी उलटली असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा आधी तपासतात. एवढं सगळं करून झाल्यावर ऑपरेशनची गोष्ट.

आणि कृपा करून बैठकीत हे नक्की सांग. बीजकोश म्हणजे वेगळा अवयव. ते हार्मोन तयार करतात, हाडं आणि हृदय सांभाळतात. तिशीत दोन्ही काढले की त्या दिवशीच पाळी जाण्याचं वय येतं. अंगातून वाफा, झोप उडणं, चिडचिड, आणि दहा-पंधरा वर्षांनी तुझ्या आईचं मनगट. नुसती पिशवी काढली, बीजकोश ठेवले, तरी ते काही वर्षं आधी थकू शकतात. कुणी ऑपरेशन सांगितलं तर बाईनं विचारावं, आजाराचं नाव काय, औषधानं का बरा होणार नाही, बीजकोश ठेवणार ना, आणि काढलेलं तपासायला पाठवणार ना. याची उत्तरं कागदावर घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

रानजाई

डॉक्टर, ‘त्या दिवशीच’ हे वाचून थांबले. ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात आई कोपीच्या बाहेर, थंडीत, पदर बाजूला करून बसायची म्हणे. अंगार पेटलाय म्हणायची. बायकांनी देवीचा कोप आहे असं सांगून तिला परडी भरायला लावली होती. बाबांनी काल हे सांगितलं. मी लहान होते, मला आठवत नाही.

तिला आता काय देता येईल?

विशाखा_स्त्रीरोग

इतक्या लवकर बीजकोश गेलेल्यांना साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देता येतात. तिला ४६ व्या वर्षी सुरू करायचे का, हे रक्तदाब, स्तनांची तपासणी, आधीचे आजार बघून ठरवावं लागेल. हाडांसाठी वेगळी औषधं आहेत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आहेच. वेळ गेलेली नाही. फाईल घेऊन एखाद्या मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात जा.

बार्शीकर

कॅन्सर होईल म्हणून पिशवी काढा, हे मराठवाड्यात सांगितलं जातं याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण पिशवी न काढता पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कसा रोखायचा, हे जगाला दाखवणारं मोठं संशोधन याच भागात झालं. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांत. आमच्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या टीमनं गावोगाव जाऊन काम केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचे गट केले. एका गटाची एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) चाचणी, एका गटाचा पॅप, म्हणजे मुखावरच्या पेशी घेऊन तपासणं, एका गटाची व्हिनेगर लावून तपासणी, आणि एका गटाला नेहमीची सेवा. आठ वर्षं पाठपुरावा झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी आयुष्यात फक्त एकदा झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणी निगेटिव्ह आलेल्या बायकांपैकी त्या काळात या कॅन्सरनं एकही गेली नाही.

आमच्या घरातली एक चुलती त्या तपासणीला गेली होती. गाडी शाळेपाशी थांबली, बायका लाजून परत फिरत होत्या, ती म्हणाली होती, माझ्या शेजारणीला हाच रोग झाला होता, मी जाते. तिच्यामागे सगळ्या गेल्या.

ताई, बैठकीत तुमच्याच भागातलं उदाहरण म्हणून हे सांगा.

सिस्टर_मावशी

व्हिनेगरच्या तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात. पातळ केलेलं व्हिनेगर मुखाला लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. जराशी चुणचुण होते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा हॉस्पिटलनं दहावी शिकलेल्या मुलींना शिकवून हेच केलं, आणि १२ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिशी ओलांडलेल्या बाईनं ही तपासणी करून घ्यावी. हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि बनायला दहा-पंधरा वर्षं घेतो. पांढऱ्या पाण्याचा कालांतरानं कॅन्सर होत नाही. मुलींसाठी लस आहे, पुण्यातही बनते.

पण एक सांगते. संबंधानंतर रक्त, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त, घाण वासाचं रक्तमिश्रित पाणी, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही. ‘पाळी परत सुरू झाली, जवानी आली’ असं म्हणत माझ्या एका बाईनं दोन वर्षं घालवली. ती गेली. पाळी एकदा गेली की परत येत नसते.

आरमोरीकर

हे सगळं बायकांच्या मनाचे खेळ आहेत असा अर्थ कुणी काढू नये म्हणून लिहितो. आमच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. दुखणं खरं आहे. वर्षानुवर्षं ते कुणी विचारलंच नाही, आणि विचारायला आलेला पहिला माणूस चाकू घेऊन आला की बाई हो म्हणते. तिला वाटतं, चला, कुणीतरी ऐकलं.

निशिगंध

आमच्याकडे तांबी छातीत चढते म्हणून कुणी बसवत नाही. माझ्या जावेनं त्या भीतीनं काढून टाकली आणि चार महिन्यांत दिवस गेले.

विशाखा_स्त्रीरोग

गर्भाशय म्हणजे तोंड बांधलेली थैली. त्यातून छातीकडे जायला वाट नाही. क्वचित तांबी सरकते किंवा गर्भाशयाला टोचून ओटीपोटात जाते, म्हणून दोरा लागतो का ते अधूनमधून बघायचं. काळजापर्यंत ती जात नाही.

मेपलच्या_देशात

टोरांटोहून लिहितेय. माझी मुलगी आठव्या महिन्यात झाली. फोनवर गावाकडून सगळे रडत होते, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही म्हणून. इथली नर्स मला समजावत होती की एकेक आठवडा पोटात जास्त राहिला तेवढी फुफ्फुसं पिकतात, त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सुरक्षितच. मला खरं काय तेच कळेना. मुलगी आता सहावीत आहे. त्या दोन आठवड्यांत मी तिच्याकडे बघून फक्त मोजत होते, आनंद झालाच नाही. हे बायकांना सांगा.

सिस्टर_मावशी

बाळंतपणाचं थोडक्यात लिहिते. लाल गोळीनं बाळ काळं होत नाही, शौच काळी होते, ती लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी चहासोबत घेऊ नये. ‘कमी खा, बाळ लहान राहिलं की सुटका सोपी’ हे तर आईच्या आणि बाळाच्या दोघांच्या जिवावर उठणारं आहे. पिकलेली पपई चालते, कच्ची टाळावी. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही. पहिलं पिवळं चीक पिळून टाकू नका, बाळाची पहिली लस तीच. पाळीतल्या बाईच्या हातानं लोणचं नासतं म्हणतात, तर मी ३१ वर्षं पाळीच्या दिवसांत इंजेक्शनं दिली, बाळंतपणं केली.

आणि तुझ्या बैठकीत कुणी गरोदर असेल आणि तोडीला जाणार असेल, तर तिचं कार्ड तिच्यासोबत जाऊ दे. ज्या गावात टोळी उतरेल तिथल्या आशाताईला दाखवायचं. लसीकरण, तपासणी तिकडे होते. लाजू नका, तो हक्क आहे.

वाडीकर

मी आणि बायको काल गेलो होतो. दोघांना गोळ्या दिल्या. बाकी काही नाही म्हणाल्या डॉक्टर. बायकोला पिशवी काढायची तारीख मिळाली होती, पुढच्या सोमवारची. ती रद्द केली.

रानजाई

बैठक झाली. मारुतीच्या देवळामागच्या समाजमंदिरात. तीस-बत्तीस बायका आल्या, पुरुषांना बाहेर बसवलं होतं. तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. सिस्टरमावशींचं दह्याच्या कवड्यांचं वाचलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघून हळूच माना हलवत होत्या. डॉक्टरांचं ओठ उलटा करून बघायचं सांगितलं, तर दोघी-तिघींनी तिथेच करून बघितलं.

मी बोलून थांबले आणि आई उठली. हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी. ती कधी चार माणसांत बोललेली नाही. म्हणाली, ‘मला म्हनले पिशवी. मी म्हनलं घ्या. पिशवीसंगं काय काय नेलं ते मला कुनी सांगितलं न्हाई. तुमी इचारा.’ आणि बसली.

नंतर हात वर करायला सांगितलं नाही, तरी बायका आपणहून सांगायला लागल्या. अकरा जणींची पिशवी काढलेली. एकीलाही बीजकोशांचं माहीत नव्हतं. फाईल सातच जणींकडे निघाली, बाकीच्यांच्या पावसात भिजल्या नाहीतर कोपीत जळाल्या. त्या सातही मी वाचल्या. चार जणींचे बीजकोश शाबूत आहेत. त्यांना ते सांगितलं तर एक जण रडायलाच लागली, बरं वाटून.

सगळ्या गेल्यावर चोवीस वर्षांची एक पोरगी मागे राहिली. दोन लेकरं. तिला पाडव्यानंतर, तोडीवरून आल्यावर काढायची म्हणून सांगितलंय, मुकादमाकडून पैसेही घेतलेत. कागदावर तेच, किंचित मोठं, बाकी नॉर्मल. तिला पांढरं जातं, खाज आहे, दुसरं काही नाही. तिला म्हटलं मी येते सोबत, तर म्हणाली तुमी नगं, मावशीला पाठवा.

मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग असतो. आई जातेय तिच्यासोबत. नवऱ्यालाही बोलावलंय.